दोन थेंब जास्तीचे

बाबा, आज रायफल सतराव्या फैरीला अडली. बाहेर रास अल खोरच्या रस्त्यावर पंचेचाळीस अंश, आमच्या चाचणीच्या थंड खोलीत उणे तीस. बर्फाच्या देशातल्या गिऱ्हाइकासाठी आखूड नळीची रायफल आम्ही इथे आखातातल्या वाळवंटात पारखतो. तुम्ही हसला असतात. नळी आखूड, म्हणून काडतूस आत सरकवणाऱ्या बोल्टला मागे ढकलणारा वायूचा जोर क्षणभरच मिळतो. त्याचा आणि स्प्रिंगचा मेळ बसवायला मला तीन आठवडे लागले. काल ती दिवसभर न अडखळता चालली. आज गिऱ्हाइकासमोर बोल्ट अर्ध्यावर थांबला. उघडून पाहिलं तर त्यावर तेल, मधासारखं घट्ट झालेलं. थंडीच्या चाचणीआधी बोल्ट जवळजवळ कोरडा ठेवायचा, हा नियम माझाच.

मॅनेजरने विचारलं, "तयारी किसकी थी?" माझा तंत्रज्ञ केरळचा, पन्नाशीचा, अकरा वर्षं माझ्या हाताखाली. तो म्हणाला, "मॅडम, मैंने सूखा पोंछ के दिया था." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "रजिस्टर में साइन आपका है." "नौकरी खलास," मॅनेजर म्हणाला, "इसको घर भेजो. चार बजे पेपर्स."

बाबा, आठवतं? मी नववीत आहे. डिसेंबर. मशिनचं तेल संपलंय म्हणून मी आईच्या शिलाई मशिनच्या सगळ्या भोकांत खोबरेल ओतलंय, आणि सकाळी चाक हलत नाही. आई कोणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज हातात धरून तुम्हाला म्हणते, "कारखान्यात बंदुका तपासता म्हणे. घरचं मशिन धड ठेवता येत नाही." तुम्ही वाकून वास घेतला, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझंच चुकलं." मग रॉकेल आणि फडकं घेऊन दुपारपर्यंत दारात बसलात. मला एवढंच म्हणालात, "तेल दिसायला लागलं म्हणजे जास्त झालं. आणि आईला तू सांगायचंस, मी नाही."

काल निघताना मी रायफलवरून शेवटचा हात फिरवला आणि सवयीने दोन थेंब सोडले. इथल्या उन्हात पातळ तेल टिकत नाही म्हणून आम्ही रोज वापरतो ते जाड तेल. बोल्ट उघडला तेव्हाच मला आठवलं होतं. रजिस्टरचं वाक्य मी त्यानंतर बोलले.

पावणेचार झालेत. तंत्रज्ञ बाहेर बाकावर बसलाय, डबा तसाच बंद. हे मी त्याच रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलंय. पान फाडून पर्समध्ये ठेवते आणि आधी त्याच्याकडे जाते, मग मॅनेजरकडे. जाणार हे नक्की, पण तुम्ही विश्वास ठेवाच असं म्हणत नाही. मशिनचं मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.