भावसिंगचा कडा

दिग्रसजवळचा तांडा, १९६४

भिया उत्तमसिंग,

फौजेनं तुले हिमालयात शिखर चढाले धाडलं, अन् त्या शिखराले जुन्या काळच्या कोन्या गिर्यारोहक सायबाचं नाव हाय, हे तुया पत्रात वाचून मले भेव वाटलं. बिननावाचा डोंगर नाही भेटला का तुया सुभेदाराले?

आपल्या तांड्यात कड्याले मानसाचं नाव कधी लागते, ते इसरला का? मोहोळ काढाले चढलेला आपला बा तिथून पडला, तवापासून तो भावसिंगचा कडा झाला. तू लिवलं का सायेब म्हातारा होऊन घरीच मेला, नाव त्याच्या मानासाठी देल्लं. वाचतावक्ती पटते, मंग पुन्हा भेव वाटते.

याडीले मी ते नाव सांगतलंच नाही, मायचा जीव हाय तो. देवीचा डोंगर हाय म्हनलं. ती रोज त्या देवीले हात जोडते.

'चढू नोको' असं लिवून धाडावं वाटते. पन बा चढत होता तवा याडीनं खालून हाक मारली होती, अन् त्यानं वळून पाह्यलं होतं.

म्हून हे पत्र टाकत नाही. तू खाली उतर, मंग हाक मारीन.

तुयी बहीन,
हंसा