मामांनी उचललेला नायक

तीर्थस्वरूप मामींस,

भाच्याचा दंडवत (लांबूनच, जवळ असतो तर तुम्ही कान पिळला असता). लेकीकडे राहून तुमचे गुडघे सुधारले असतील. इकडे मामा खुशाल आहेत. म्हणजे आडवे आहेत, पण खुशाल.

झालं असं, की मी ज्या युद्धपटाच्या शूटिंगवर दिवे लावतो, तिथे खरा फौजी सल्लागार हवा होता. मी मामांना नेलं. (फौजेत ते स्वयंपाकी होते हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.) पहिल्याच दिवशी कडक इस्त्रीचे जवान पाहून त्यांनी विचारलं, "हे लढायला निघालेत की लग्नाला?" दुसऱ्या दिवशी, "हे जेवतात कधी?" दिग्दर्शक सगळं वहीत लिहून घ्यायचा आणि पान उलटायचा.

तिसऱ्या दिवशी नायकाचं बलिदान होतं. छातीत तीन गोळ्या आणि वर चार मिनिटांचं भाषण. माती, मान, आई, काही सोडलं नव्हतं. दहा जवान माना खाली घालून ऐकत उभे. मामांची खुर्चीत चुळबुळ चाललेली. दुसऱ्या मिनिटाला ओरडलेच, "अरे, बोलतोय म्हणजे जिवंत आहे! ऐकताय काय, उचला त्याला!" कुणी हलेना, तेव्हा स्वतःच घुसले, नायकाला खांद्यावर टाकलं (त्याचं वजन ऐंशी, मामांचं वय एकाहत्तर) आणि कॅमेऱ्यासमोरून थेट बाहेरच्या रुग्णवाहिकेकडे निघाले. तो बिचारा म्हणतोय, "काका, खाली ठेवा," आणि मामा, "हलू नकोस बाळा, पोहोचलोच." आत निजवल्यावरही हात सोडेनात. मग हळूच म्हणाले, की एकदा एकाला असंच आणलं होतं. तो भाषणबिषण करत नव्हता, नुसता बूट काढा, बूट काढा म्हणत होता. थांबायला वेळ नव्हता. वाटेतच गेला. एवढं बोलून मामा खाली बसले आणि नायकाच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्यानंही सोडू दिल्या.

दिग्दर्शकानं आम्हा दोघांना घरी पाठवलं. भाषण आता पाच मिनिटांचं केलंय म्हणे.

तुमचा,
भाचा

ता. क. न्हाणीघरात घसरून कंबर धरली, असं मामा फोनवर सांगतील. कृपया विश्वास ठेवा.

आणखी एक. तो नायक रविवारी जेवायला येतोय. स्वतःच फोन करून विचारलं. मला फक्त चहा येतो. तेव्हा शनिवारी याच. मामांनी तर आज मंगळवारीच, पलंगावर पडल्या पडल्या, माझ्याकडून दाढी करून घेतलीय.