दादाला काय हवं

ऋतिका मॅडम,
सप्रेम जय भीम.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांना घरी कसा आधार मिळतो, या तुमच्या संशोधनासाठी मंगळवारी तुम्ही वरंधला आमच्याकडे आलात. "अश्विनदादांजवळ दिवसभर कोण असतं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "शेजारी." ते खोटं होतं. आई गेल्यापासून अंगणवाडीत जाताना मी बाहेरून कडी लावते. दादा छत्तीस वर्षांचा आहे.

मग तुम्ही त्यालाच विचारलंत, "दादा, तुम्हाला काय हवं?" त्याच्या वतीनं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "भायेर जायचंय." मी हसून विषय बदलला. तुम्ही मात्र ते लिहून घेतलंत.

आज मी कडी लावली नाही. दुपारी परतले तर घर रिकामं. घाटातून सुसाट उतरणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी अनवाणीच धावत सुटले. दादा फाट्यावरच्या चहाच्या टपरीत गिऱ्हाइकांना पाणी देत होता. टपरीवाल्या चंपाबाई म्हणाल्या, "वरडू नको गो. सकालपासून हाय, एक गिलास नाय फोडला त्यानं."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला.
"तू जा. मी येतो."

मी एकटीच घरी आले. पाच वाजून गेलेत, तो अजून आलेला नाही. दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. हे पत्र तुम्हाला पाठवायचं धाडस माझ्यात नाही. त्याला आणायला पुन्हा धावू नये, म्हणून लिहीत बसलेय.

आपली,
दीक्षा