हलणारा एक्स-रे

चाकण, रविवार

प्रिय रुपाली,

आईजवळ गेल्यापासून तुझ्या पायांची सूज उतरली, असं अपेक्षाने कळवलं. तुझ्या बहिणीकडून का होईना, खुशाली कळली. इथे माझं चित्त मात्र थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, गॅलरीत येरझाऱ्या घालतो, परत बसतो.

तू अहमदपूरला गेलीस आणि माझा खोकला वाढला. ओतकामाचे भाग ग्राइंडरवर घासताना उडणारी बारीक वाळू इतकी वर्षं नाकातोंडात जात होती. मी आपला रुमाल बांधून काम रेटायचो. मग एका दुपारी जिना चढताना मधेच बसलो. घरमालकीण अंबुबाईंनी पाहिलं. "दम लागतुया व्हय रं? दवाखान्यात न्हाई गेलास, तर रुपालीला मीच कळविते," म्हणाल्या. त्या भीतीनेच गेलो.

पिंपरीच्या दवाखान्यात साध्या एक्स-रेवर डाग दिसले. पण फुप्फुसं चालतात किती, ते कळेना, कारण श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला गेलो की खोकल्याची उबळ यायची. म्हणून डॉक्टर विजयश्री मॅडमनी हलणारा एक्स-रे काढायला लावला. यंत्रासमोर उभं राहून, सांगतील तसा सावकाश श्वास घ्यायचा नि सोडायचा, बस. नंतर मॅडमनी तो स्क्रीनवर लावला. माझ्याच बरगड्या उघडत-मिटत होत्या, मधे हृदय हलत होतं. शेजारी एका निरोगी माणसाचा लावला. श्वास घेताना त्याच्या फुप्फुसांखालचा पडदा पार खाली जाऊन वर येत होता. माझा जरासा सरकायचा आणि अडायचा. मी खुर्चीत बसल्या बसल्या जोरात श्वास घ्यायला लागलो, जणू स्क्रीनवरच्या मला त्याने मदत होणार होती. मॅडम म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. पण धूळ आजच थांबवलीत, तर उरलेलं जपता येईल."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सयाजीला सांगितलं. "भावा, एवढा ओव्हरटाइम सोडून कुठं जाणार?" म्हणाला. मी म्हटलं, "घरी लेकरू येतंय राव," आणि काम सोडलं. तळेगावात एका गोदामात माल उतरवून घेण्यावर देखरेखीचं काम आहे. पगार कमी आहे, पण धूळ नाही. उद्या भेटायला जातोय. मिळेल की नाही, या विचाराने जेवण जात नाही.

आता हे सगळं कागदावर का, ते सांगतो. तुझा फोन आला की मी 'शिफ्टवर आहे' असा मेसेज टाकायचो. बऱ्याचदा घरीच असायचो. दोन वाक्यं बोललो की धाप लागते आणि ती तुला अशा दिवसांत ऐकू जाऊ नये, एवढंच होतं. तू मात्र मी तुला टाळतोय असं समजलीस आणि रडलीस, हे अपेक्षाने सांगितलं तेव्हापासून मला बसवत नाही. कागदावर धाप लागत नाही, म्हणून सलग बोलून घेतलं. पत्र मिळालं की फोन कर. मी उचलीन. बोलता बोलता थांबलो, तर घाबरून ठेवू नकोस. तू बोलत राहा.

फोनकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
समाधान