झेंडू आणि पुढचं पान

वन्सं,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी केर काढला, दूध तापवलं, तुमच्या भावाचा फोटो पुसला आणि चहाबरोबर पुस्तकाचं एक पान वाचलं. (नमस्कार राहिलाच, तो घ्या. आणि गुडघ्याला शेक देताय ना, तेही कळवा.) रोज एकच पान वाचायचं हा माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे, पुस्तक लवकर संपलं की घर पुन्हा गप्प होतं.

सध्या किडींचं पुस्तक चालू आहे. त्या पानावर टोमॅटो पोखरणारी अळी होती. पतंग दिसायला गरीब, पण लेकरं भारी खादाड! मका, भेंडी, सूर्यफूल, झेंडू, गुलाबसुद्धा त्यांना चालतो. अशा झाडांना पुस्तकात यजमान म्हणतात. (तुमच्या भावालाही मी चारचौघांत तेच म्हणायची, आणि त्यांनीही कुणाला उपाशी पाठवलं नाही.)

ह्यांनी दरवर्षी बी धरून जपलेले टोमॅटो यंदा माझ्या एकटीच्या हाती. ते बी तुटू द्यायचं नव्हतं. म्हटलं, बाकीचे यजमानच हलवले तर पाहुणी उतरेल कुठे? पदर खोचला आणि टोमॅटो सोडून सगळा वाफा उपटला. झेंडू तर ऐन फुलात होता. शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून ओरडल्या, "अहो, माझ्या गुलाबाकडे बघू नका हं!" मी बघतच होते.

दुसऱ्या सकाळी पुढचं पान वाचलं. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावावा. पतंग अंडी झेंडूवर घालतात, टोमॅटो वाचतात.

ह्यांनी तो कडेने का लावला, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यासाठी.

धावत जाऊन झेंडू पुन्हा रोवला, पण त्याने मान टाकली ती टाकलीच. पंधरवड्यात एकेका टोमॅटोला भोक. शिंपीणबाई म्हणाल्या, "काजं मात्र सुबक झालीत हो!"

तरी काळजी नसावी. बाग तुला झेपणार नाही, इकडे राहायला ये, असं तुम्ही म्हणता. बाग उत्तम आहे. आता तर चांगली हवेशीरही झाली आहे.

तुमची वहिनी

ता. क. ह्यांनी तुम्हाला दिलेल्या बियांची झाडं तुमच्या गच्चीवर आहेत ना? एक पिकलेला टोमॅटो येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवा. धडका बघून. इथले सगळे आतून कुजले, एकही बी उरलेलं नाही. मी रडत नाहीये, नुसतं सांगते आहे.

आणखी ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी त्या मान टाकलेल्या झेंडूची वाळकी फुलं चुरडून रिकाम्या वाफ्याच्या कडेने पेरली, पाणी घातलं, आणि चहाबरोबर दोन पानं वाचली.