पाटी तिरपी केली

१२ मार्च १९५५
कुसुमचा भागाकार पक्का झाला. तिसरीची पुस्तकं संपली. दुसरीपर्यंत तिच्या आईने घरीच आणली होती, पुढचं मी. ती जाऊन पंधरा महिने.
शेजारच्या वस्तीवरची, टोल्यावरची सोमी आज शिकायला आली नाही, मोहफुलं वेचायला गेली. कुसुम पाटी घेऊन तिच्यामागे. दोघींचा तेराचा पाढा जंगलनाक्यावर ऐकू येत होता. बांबूचा गाडीवान म्हणाला, "नाकेदारसाहेब, जंगलात शाळा निंगाली का?"
शिकवायची रीत तिच्या आईचीच चालू आहे. पाटी एकच. जिला आलं तिने दुसरीला सांगायचं.

१७ मार्च
चांद्याहून माधवराव आले. तिचे भाऊ, कुसुमचे मामा. कुसुमला चांद्याला नेतो म्हणतात.
"भाऊजी, शिकवता चांगलं. पण पोरगी बोलते कोणाशी इथी? झाडायशी?"
कुसुम आतून, "झाडाशी नाई मामा, सोमीशी. झाडाले पाढे येत नाईत."
हसले, पण हट्ट सोडला नाही. नऊ वर्षांची झाली, चार पोरींत कधी बसली नाही, पुढे कशी निभावेल.
शेवटी ठरलं ते असं. चार मैलांवरच्या धानोऱ्याच्या शाळेत तिसरीच्या परीक्षेला बसवायची. पास झाली तर माझ्याजवळ राहील. नाही तर जूनपासून मामाकडे.
मी लगेच हो म्हटलं. काळजी नाही.

२९ मार्च
धानोऱ्याला गुरुजींना भेटलो. बाहेरची मुलगी म्हणून बसवायला तयार. तोंडी हिशेब घातला, तो पुरा व्हायच्या आत कुसुमचं उत्तर.
"हिले जरा थांबाले शिकवा, नाकेदारसाहेब."
येताना चारही मैल खुशीत.

४ एप्रिल
परीक्षा. शाळेसमोर रहीमभाई शिंप्याच्या दुकानात बसलो होतो. त्याची जैनब त्याच वर्गात.
"माही पोरगी गणितात कच्ची हाये, भाऊ. रडत रडतच गेली."
तासाभरात कुसुम बाहेर. मागे गुरुजी, रागावलेले. गणित सुरू असताना हिने पाटी शेजारच्या मुलीकडे तिरपी केली आणि वर मोठ्याने सांगितलं, "इथी शून्य ठेव, मंग खाली घे." शेजारी जैनबच होती.
गुरुजी म्हणाले, "याले चोरी म्हणतेत."
कुसुम म्हणाली, "चोरी कशी गुरुजी? मी घेतलं नाई. देलं."
रहीमभाईची मशीन थांबली. गणित रद्द.
वाटेत विचारत होती, "तिले येत नोतं. मंग सांगाचं नाई?"
परीक्षेत नाही, म्हटलं.
"काऊन?"
नाला ओलांडला. मग म्हटलं, कोणाला किती येतं ते गुरुजींना पाहायचं असतं.
"जैनबले येत नाई हे तर त्यायले माहीतच होतं."
चूक माझी. सगळं शिकवलं. परीक्षा म्हणजे काय ते राहिलं.

७ एप्रिल
गुरुजींचा निरोप. सोमवारी गणित पुन्हा घेतो, वेगळी बसवून. भला माणूस.
माधवरावांना सगळं कळवलं. लपवण्यासारखं नाही. तिला चार पोरींत राहता येत नाही असं त्यांनी यावरून म्हटलं तर म्हणोत. मला उलटंच वाटतं.

११ एप्रिल
ओसरीवर एकटी बसवली. गणितं सगळी बरोबर. पास. पाटी पोटाशी धरून लिहीत होती, गुरुजी हसून सांगत होते. निघताना म्हणाले, "चौथीले इथी शाळेतच पाठवा."
मी बरं म्हटलं. म्हणायचं म्हणून.

१४ एप्रिल
माधवरावांचं पत्र. शब्दाला जागले. "राहू द्या तुमच्याजवळ. 'घेतलं नाई, देलं' हे कचेरीत सगळ्यांना सांगितलं." म्हणजे माझं म्हणणं खरं झालं.
जेवताना कुसुम म्हणाली, "जैनब इचारे, जूनमधी येशील का. बाबाले इचारून सांगतो म्हटलं."
"तुला जायचंय?"
"तिले आता भागाकार येते. दोघी मिळून पुढचं करू म्हणते." मग ताटाकडे बघत, "सोमीले मी संध्याकाळी शिकवीन."
म्हणजे विचार करून ठेवलेला.
पोरीला शाळेची गरज नाही, हे मी माधवरावांना सांगत आलो. ते खरंच आहे. पण सकाळी गेली की सांजेला येणार, आणि दिवसभर या घरात... हे त्यांना कधी सांगितलं नाही. इथेही आजच लिहितो आहे.

१७ एप्रिल
बाजाराला धानोऱ्याला गेलो. कुसुम सोबत होती. दुकानात शिरल्या शिरल्या जैनबने तिला मशीनमागे ओढून नेलं. दोघींचं कुजबुजणं, हसणं. कुसुम अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं.
रहीमभाईने खाकी कापडाचा तुकडा काढला. "जैनबचं दप्तर शिवून राह्यलो. याच कापडात कुसुमचंही होते. शिवू?"
मशीनमागचं हसणं बंद झालं.
मी काही बोलायच्या आत त्याने कुसुमला बोलावून टेप खांद्याला लावली. "पट्टा केवढा ठेवू, भाऊ? रोज चार मैल चालाचं असन तर आखूड बरा. घरीच खुंटीले टांगाचं असन तर कसाही चालते."
कुसुम ताठ उभी. माझ्याकडे पाहत नव्हती.
"माप तर घेऊन ठेवा," म्हटलं.