आधी टकलूची पाळी

प्रिय भिंगरीच्या आईस,

आपलं बोलणं हल्ली तीन वाक्यांपलीकडे जात नाही. जेवली का, कपडे कोणते दिलेस, किती वाजता आणून सोडू. चौथं वाक्य निघालं की दोघांपैकी कुणाचा तरी आवाज चढतो. काल तू फोनवर विचारलंस, ती तुझ्याकडे औषधाचा मास्क कसा लावून घेते, आणि मी म्हणालो, लिहून पाठवतो. तुला वाटलं असेल, टाळतोय. तसं नव्हतं. दुकानात खुर्चीवर अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक बसलं होतं, आणि सांगायचं होतं ते अर्ध्या डोक्याच्या वेळात मावणारं नव्हतं.

आधी हे सांगतो की माझ्याकडून निघाली तेव्हा ती बरी होती. रविवारी सकाळी छाती वाजत नव्हती. ती झोपली की मी तिच्या पाठीला कान लावून ऐकतो. पूर्वी आत कुणीतरी लांबवर शिट्टी वाजवतंय असं वाटायचं, ते त्या दिवशी नव्हतं. खोकला होता, पण कोरडा, आणि खोकून झाल्यावर ती स्वतःच स्वतःच्या पाठीवर थोपटायला जाते. हात पोचत नाही, मग माझी पाठ थोपटते.

दवाखान्यातून तिला घरी सोडलं तो दिवस तुलाही आठवत असेल. डॉक्टरीणबाईंसमोर एकाच बाकाच्या दोन टोकांना आपण बसलो होतो. त्यांनी औषधाची वाफ करणारं मशीन दाखवलं, औषधाची कुपी पिळून वाटीत कशी रिकामी करायची ते दाखवलं. म्हणाल्या, बरी दिसली तरी सकाळ-संध्याकाळ चुकवायचं नाही, मास्क चेहऱ्याला नीट टेकलेला हवा, लांब धरलात तर औषध खोलीतल्या हवेला मिळेल, आणि पोर रडत असेल तर आत फारसं काही जाणार नाही. तू मान हलवलीस, मीही हलवली. मग जिन्यात तू थांबलीस आणि म्हणालीस, "तुझ्याकडे ती मास्क लावून घेणार नसेल, तर रात्री तिला तुझ्याकडे ठेवायचं नाही." आवाज अजिबात चढवला नाहीस. मी भांडायच्या तयारीनेच उभा होतो, पण भांडायला जागाच नव्हती. शनिवारची एक रात्र, तेवढीच माझ्याकडे होती, आणि ती आता त्या प्लॅस्टिकच्या मास्कवर येऊन अडकली.

दुकानामागची माझी खोली तू पाहिलेली नाहीस. एक खाट, एक शेगडी, एक स्टूल, आणि शेजारच्या लाँड्रीच्या भिंतीवर उघडणारी खिडकी. ऊब असते, इस्त्रीचा वास असतो. तिथे पहिल्या शनिवारी मी मोबाईलवर तिचं सशाचं कार्टून लावलं. ससा नाचायला लागला, मी मास्क पुढे केला, तिने तो झटकून टाकला. पुढच्या वेळी ससा नुसता दिसला तरी तिने दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं. मास्क तर लागला नाहीच, बिचारा ससाही गेला. मग झोपेत लावून पाहिला. तिला जाग आली तेव्हा तोंडावर ती भुताटकी आणि कानाशी मशीनची घरघर. त्यानंतर ती दुपारचीसुद्धा झोपेना. डोळे टक्क उघडे ठेवून पहारा देत पडून राहायची.

तेव्हा मी माझ्या धंद्यातलं डोकं वापरलं. लहान मुलांचे केस कापण्यात माझा हात धरणारा या गल्लीत कोणी नाही, हे तूही मानतेस. खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकायची, मुलाला वर बसवायचं, आणि त्याला काही कळायच्या आत मागून कापड टाकून गळ्याशी बांधायचं, हात आतल्या आत. मूल हातच काढू शकत नाही. ते रडायचं की नाही ठरवेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. रोजची रीत आहे ही, तिच्यात काही चुकीचं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. तसंच भिंगरीला बसवलं, तसंच बांधलं, मागून डोकं छातीशी धरलं आणि मास्क टेकवला. औषध संपेस्तोवर ती किंचाळत होती. कापडातून एक हात कसा सोडवला कुणास ठाऊक. रविवारी तिला सोडायला आलो तेव्हा माझ्या हनुवटीवरचा ओरखडा पाहून तू विचारलंस, मी सगळं सांगितलं, आणि तू नुसतं "हं" म्हणालीस. त्या "हं"पेक्षा ओरखडा बरा होता.

खरी गंमत पुढच्या शनिवारी झाली. गंमतच म्हणतो, सगळे हसले म्हणून. फळीवर एक चार वर्षांचा मुलगा बसला होता, खुशीत, हातात बिस्किट. मी नेहमीसारखं कापड टाकलं आणि गाठ मारायला लागलो. मागच्या खोलीतून भिंगरी धावत आली, कापडाचं टोक दोन्ही मुठींत धरलं आणि ओढत म्हणाली, "सोड त्याला." पेपर वाचायला रोज येणारे आणि तीन महिन्यांतून एकदा केस कापणारे पेन्शनर आजोबा म्हणाले, अहो मालक, तुमच्या दुकानात संप झाला की. मुलाची आई हसली, तो मुलगा हसला, मीही हसलो. भिंगरी तेवढी हसत नव्हती. रडतही नव्हती. माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी कोण आहे ते त्या दुकानात तिला एकटीलाच ठाऊक आहे.

त्यानंतरचे दोन शनिवार मी तिला संध्याकाळीच तुझ्याकडे आणून सोडलं, आठवतं ना? तू कारण विचारलं नाहीस. तुझ्या मांडीवर ती तेव्हा मुकाट्याने घ्यायची. दाराबाहेर मला आतून मशीनचा आवाज यायचा, आणि आवाज बंद होईपर्यंत मी जिन्यात थांबायचो. मग खोलीवर. तिथे रात्री घालायचे तिचे मोजे खिळ्याला लावलेले असत, त्यांना वाळायचंसुद्धा काही काम नसायचं.

पण शनिवारी दिवसा ती होती माझ्याकडे, आणि दिवसाचं मी वाया घालवलं नाही. कापड बांधणं बंद. मास्क मी कंगव्यांच्या शेजारी हुकाला लावून टाकला, आणि त्याच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. शिकाऊ लोकांना हात बसावा म्हणून माझ्याकडे ते एक रबरी डोकं आहे, केस कापून कापून पार चकोट झालेलं. त्याला ती टकलू म्हणते. टकलूला ती पाणी मारते, कंगवा फिरवते, दाढीचा फेस लावते. एक दिवस तिने हुकाकडे बोट दाखवलं. मी मास्क काढून दिला. तिने तो टकलूला लावला आणि त्याला दम भरला, हलू नकोस. मी आपला वस्तऱ्याला धार लावत बसलो, जसं काही पाहिलंच नाही. असं बरंच चाललं. मग टकलूला औषध देऊन देऊन ती कंटाळली आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागली. दुकानात मी एकटाच होतो.

तिने मला खुर्चीत बसवलं. कापड ओढत आणलं, माझ्या मांडीवर पसरलं, गाठ येत नाही म्हणून तसंच ठेवलं. स्टुलावर चढली आणि मास्क माझ्या नाकाला टेकवला. मशीन बंदच होतं, घरघर ती तोंडाने करत होती. मी रडायचं नाटक केलं, तिच्यासारखं, पाय झाडून. आणि ती म्हणाली, "झालं हं, झालं. एवढुस्संच राहिलंय."

तुझा आवाज होता तो. शब्द तुझे, तो "हं" लांबवायची लकब तुझी, माझ्या कपाळावरचे केस मागे सारणारी बोटंही तुझ्यासारखीच. माझ्याशी त्या सुरात कुणी बोललं त्याला वर्ष होऊन गेलं. मी रडायचं नाटक थांबवलं, म्हणजे नाटक तेवढं थांबवलं. मास्क वर सरकून डोळ्यांशी आला होता, तिला काही दिसलं नसावं. आरशात मात्र आम्ही दोघं दिसत होतो. ती आरशातल्या मला समजावत होती, खुर्चीतल्या मला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी इतके दिवस तिच्या पाठीमागून करत होतो, आणि तिला ते समोर दिसायला हवं होतं. मग आरशासमोर तिने स्वतःच मास्क लावून घेतला, आणि शनिवारची रात्र मला परत मिळाली.

आता तुझ्यासाठी लिहितो, नीट वाच. आरसा तिच्या उंचीला हवा. तुझ्या कपाटाचा चालेल, समोर स्टूल ठेव. तिला मांडीवर घेऊ नकोस. तू म्हणालीस ती हल्ली मांडीवरून घसरते, लाथा मारते; त्यात तुझं काही चुकत नाही, तिला आता धरून घेतलेलं नको असतं, एवढंच. आधी टकलूची पाळी, मग मोठ्या माणसाची, दोन्ही वेळा मशीन बंद. मग तिची. बटण तीच दाबणार. आवाजाला ती भीत नाही, दुकानात ड्रायरच्या खाली झोपणारी पोर आहे ती. मास्क तिने दोन्ही हातांनी धरायचा, तू फक्त खालून एक बोट लाव, म्हणजे फट राहणार नाही. वाफ आरशात दिसली की तिला ती पाहत बसायला आवडतं. मधे शहाणी, गुणाची असं काही म्हणू नकोस, ती लगेच मास्क काढून उत्तर द्यायला लागते. वाटी फुरफुरायला लागली की औषध संपलं, ते तिला कळतं, बंदही तीच करते. मग तोंड पुसायचं आणि पाणी प्यायला द्यायचं, हे तुला माहीतच आहे. आणि एखाद्या दिवशी नाहीच म्हणाली तर मास्क हुकाला लावून दे, दुसरं काहीतरी करत बस. थोड्या वेळाने तीच मागते. तो थोडा वेळ काढणं सगळ्यांत अवघड जातं, मला तरी गेलं. टकलू सोबत पाठवतोय. हल्ली माझ्याकडे शिकाऊ कोणी टिकत नाही, आणि रविवारी तुझ्याकडे तिला पोचवून आलो की त्याच्याशी बोलायची मला सवय लागत चालली होती, ती काही बरी नव्हे.

ताई परवा येऊन गेली. तुझ्या बदलीचं तिला कुठून कळलं ठाऊक नाही, पण येतानाच कंबर कसून आली होती. तिचं म्हणणं सरळ आहे. पोरगी आईकडे औषध घेत नाही, बापाकडे घेते, हे डॉक्टरीणबाईंकडून वदवून घे, आणि मग बघू तिला इतक्या लांबच्या गावाला कोण नेतं ते. तू भोळा आहेस, म्हणाली, हातचं पान टाकून देशील. मी तिला चहा दिला. ती गेल्यावर तेच घोळत राहिलं, खोटं कशाला सांगू. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. तुझा कालचा प्रश्न आला तेव्हाही ते डोक्यात होतं. पण तू विचारत होतीस तेव्हा मागे ती खोकत होती, आणि मी ऐकत होतो. खोकल्याच्या शेवटी ती बारीक शिट्टी परत आली होती. दोनच दिवस झाले होते तिला माझ्याकडून जाऊन.

म्हणून हे पत्र. तिला घेऊन जा. मी कुठे आड येणार नाही, ताईलाही येऊ देणार नाही. औषध आठवड्याचे सातही दिवस लागतं आणि माझ्याकडे त्यातला एक आहे, यापुढे तोही नसेल. सुट्टीत पाठवशील तेव्हा पाठव. एकच सांगणं आहे. नव्या घरात पहिले काही दिवस ती बाबाला बोलाव म्हणेल, मोबाईल तुझ्या हातात आणून देईल, कदाचित मास्क फेकेल. तेव्हा मला फोन लावून देऊ नकोस. माझा आवाज ऐकून एकदा घेतलं, तर मग ती माझ्या आवाजाशिवाय घेणार नाही, आणि मी तिथे नसणार. तुझ्याकडेही हे होतं, हे तिला तुझ्याकडेच कळायला हवं. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला मी दुकानात असतो, फोन समोरच असतो. तो वाजला नाही, की मी समजेन, जमलं.

अजूनही तुम्हा दोघींचाच,
भिंगरीचा बाबा